खनिजाचे नाव : बटाटा

बटाटा जमिनीखाली येतो. ही गोष्ट मावशींना गेली चाळीस वर्षं ठाऊक होती आणि तिचा आजवर कुणाला काडीचाही त्रास झाला नव्हता. बेणं लावावं, मातीची भर द्यावी, पाणी आलं तर पाजावं, नाही आलं तर वाट बघावी, आणि पाला पिवळा पडला की उकरून काढावं. यात काही गुन्हा आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परंतु कायद्याचं अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, त्यामुळे पुढे जे झालं त्यात चूक कुणाची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघालेला होता.

बुधवारी सकाळी साडेदहाला मावशी, त्यांची सून आणि चार बायका सरीत बसून बटाटे काढत होत्या, तेव्हा बांधाला जीप लागली. जीपमधून खाण खात्याचा निरीक्षक उतरला. पायात चकचकीत बूट, हातात टेप, काखेत फाईल. आल्या आल्या त्याने सरीच्या तळाशी टेप सोडली, "अकरा इंच" असं स्वतःशीच म्हणाला आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखी मान हलवली.

"मावशी, परवाना दाखवा."

"कसला परवाना?"

"उत्खननाचा."

"अहो, बटाटे काढतोय आम्ही."

"तेच म्हणतोय मी. काढताय. पण कुठून काढताय?"

"जमिनीतून. आणखी कुठून काढणार, कपाटातून?"

"जमिनीखालून वस्तू काढत असल्याचे कबूल," निरीक्षकाने लिहून घेतलं.

मग त्याने समजावून सांगितलं. माणूस तसा समजावून सांगणारा होता. एका दगडाच्या कंपनीने रीतसर अर्ज केल्यामुळे गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून सुधारित नकाशा लागू झाला होता. जुन्या नकाशात हे सगळं शिवार हिरवं होतं, म्हणजे शेती. नव्या नकाशात ते तपकिरी होतं, म्हणजे खाण; वरची माती बाजूला सारायची आणि खालचा दगड कापून न्यायचा, अशी उघडी खाण. तपकिरी भागात जमिनीखालून निघालेली कोणतीही नैसर्गिक वस्तू हे खनिज समजलं जातं. ते खनिज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी काढणाऱ्यावर असते.

"म्हणजे माझे बटाटे दगड झाले?" मावशींनी विचारलं.

"दगड नाही म्हणालो मी. खनिज म्हणालो. भलते शब्द माझ्या तोंडी घालू नका."

अठरा पोती जप्त झाली. पंचनामा झाला. एका बाईच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर तिचा अंगठा घेण्यात आला. जीप गेल्यावर मावशी बांधावर बसल्या. समोर शेत होतं. सव्वादोन एकर. नवरा गेल्यापासून त्यांनी या तुकड्याशिवाय कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. "पोती गेली तर जाऊ देत," त्या सुनेला म्हणाल्या. "मला माझं शेत पाहिजे. एवढंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दोघी तालुक्याच्या कार्यालयात गेल्या. तिथे दुसऱ्या मजल्यावर नकाशे बदलणाऱ्या साहेबांची खोली होती. साहेब वाईट नव्हते. बसा म्हणाले, पंखा यांच्या बाजूला फिरवला. टेबलाखाली मावशींच्या जप्त पोत्यांपैकी एक उघडं होतं, त्यावर साहेबांनी पाय ठेवले होते ते खाली घेतले.

"हे बघा, सगळं नियमाप्रमाणे झालंय," ते म्हणाले. "हरकती मागवल्या होत्या आम्ही. जाहीर सूचना काढली होती, ‘खाण क्षेत्रातील रहिवाशांनी तीस दिवसांत हरकती नोंदवाव्यात.’ एकही हरकत आली नाही. एकही! इतकं एकमत मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही."

सून बारावीपर्यंत शिकलेली होती आणि तिला मध्येच बोलायची सवय होती. "पण साहेब, तेव्हा ते खाण क्षेत्र नव्हतंच. शेत होतं."

"बरोबर."

"मग खाण क्षेत्रात राहणारं तेव्हा कोण होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर हरकत आली नाही."

"पण आता आम्ही आहोत ना खाण क्षेत्रात. आता आमची हरकत घ्या."

"आता तीस दिवस संपले," साहेब मनापासून हळहळले. "थोडं आधी यायचं."

मावशींनी कपाळाला हात लावला. साहेबांना त्यांची दया आली असावी, कारण त्यांनी आवाज खाली आणून दोन मार्ग सुचवले. पहिला मार्ग, शेती बंद करायची. कारण तपकिरी भागात शेती करणं म्हणजे खाणीच्या जागेचा अनधिकृत वापर, आणि त्याला बटाट्यापेक्षा कडक कलम होतं. दुसरा मार्ग, खाणीचा परवाना काढायचा.

"पण आमच्याकडे खाण नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, अकरा इंच आहे ना? झालं तर मग. नियमात खोली किती असावी हे कुठेही लिहिलेलं नाही."

सुनेने अर्ज आणला आणि घरी चटईवर बसून तो भरला. अर्ज चौदा पानांचा होता. खनिजाचे नाव : बटाटा. रंग : बाहेरून मातकट, आतून पिवळसर. कठीणपणा : कच्चा असताना मध्यम, उकडल्यावर नाही. "साठा किती वर्षे पुरेल?" या रकान्यावर ती अडली.

"आई, किती वर्षं पुरेल म्हणून लिहू?"

"पुरेल म्हणजे काय गं? लावला तर येतो, नाही लावला तर नाही येत."

तिने लिहिलं : मालकिणीच्या मर्जीवर. स्फोटकांचा प्रकार हा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, तिथे तिने "खुरपे" असं लिहून टाकलं. महिन्याभराने खात्याचा भूगर्भतज्ज्ञ पाहणीला आला. त्याने सरीतून नमुना घेतला, हातोडीने ठोकून पाहिला, त्याचा चुरा भिंगातून तपासला आणि तो नमुना पंधरा दिवस कपाटात ठेवला. त्याच्या अहवालात शेरा होता : "नमुन्यास कोंब फुटले आहेत. खनिज जिवंत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तथापि जिवंत खनिजास नियमांत मनाई नाही."

परवाना मिळाला. आणि खरं सांगायचं तर मावशींचं नशीबच उघडलं.

शेतकरी असताना त्यांनी कालव्याच्या पाण्यासाठी चौदा वर्षं अर्ज केले होते. खाणमालक झाल्यावर तिसऱ्या दिवशी नोटीस आली की खाणीतली धूळ उडू नये म्हणून दिवसातून दोनदा पाणी मारणं बंधनकारक आहे, न मारल्यास कारवाई होईल. आणि त्यासाठी कालव्यातून पाइप टाकून देण्यात येत आहे. शेतापर्यंत रस्ता हवा म्हणून त्यांचे यजमान हयात असताना खेटे घालून घालून थकले होते. खाणीला रस्ता नाही म्हणजे काय! आठ दिवसांत खडी पडली. वीज चोवीस तास आली, कारण खाणीची वीज तोडणं हा राष्ट्रीय संपत्तीचा अपव्यय असतो. चार बायकांना पिवळी हेल्मेटं मिळाली. बटाटा काढायच्या आधी भोंगा वाजवणं आवश्यक झालं, तेव्हा कुत्री आधी भुंकली, पुढे पुढे भोंगा झाला की सरीतून लांब जाऊन झोपायला लागली.

हे सगळं शेजारी बांधावरून मावशींचे धाकटे दीर बघत होते. त्यांचं गाजर होतं. पाण्यावाचून ते करंगळीएवढं राहिलं होतं.

"वहिनी," ते एका सकाळी म्हणाले, "गाजर पण खालीच येतं, नाही का?"

"खालीच येतं भावजी. तुमच्याकडे तर वीतभर खोल जातं. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे खाणमालक व्हाल."

महिन्याभरात त्यांची गाजराची खाण झाली. मग आल्याची झाली, कांद्याची झाली, भुईमुगाची झाली. सुनेने अर्ज भरून द्यायचा असा काही सपाटा लावला की कार्यालयातले कारकून अडलेले रकाने तिलाच विचारायला लागले. अडचण फक्त वांगीवाल्याची होती. त्याची वांगी जमिनीच्या वर येत. तो बिचारा आठवडाभर साहेबांच्या दारात बसून राहिला, रडकुंडीला आला, शेवटी साहेबांनीच तोडगा काढला आणि त्याला "अधांतरी लोंबकळणाऱ्या खनिजाचा" परवाना दिला. वर्षअखेरीस तालुक्यात शेती नावाची गोष्ट कागदावर उरली नाही. कृषी खात्याचा अहवाल निरंक गेला, आणि पीकच नाही म्हटल्यावर कीडही नाही, दुष्काळही नाही, म्हणून त्या खात्याला उत्तम कामगिरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. खाण खात्याचा आकडा तर कुणाच्या डोक्यातही मावेना.

जिच्यासाठी नकाशा तपकिरी केला त्या दगडाच्या कंपनीला मात्र पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. जिथे जाईल तिथे खाण आधीच चालू. कंपनीचा माणूस साहेबांच्या खोलीत येऊन तास तास बसायचा. साहेब त्याच्याही बाजूला पंखा फिरवायचे.

इथे मावशींच्या हातून चूक झाली. आता चूक म्हणावी तरी कशी!

शेतकऱ्याला कुणीही विचारावं, पीक कसं आहे, तर तो म्हणतो, "आहे आपलं बरं." दाणे पोत्यात मावत नसले तरी बरं, आणि वाळून कोळसा झाला तरी बरं. चांगलं आहे असं म्हणायची रीतच नाही. मावशींनीही चाळीस वर्षांत तो शब्द उच्चारला नव्हता. पण त्या वर्षी खात्याने त्यांना ‘आदर्श खाणमालक’ म्हणून सभागृहात बोलावलं. शाल दिली, पितळेचं फावडं दिलं, समोर दोनशे माणसं, टाळ्या. खातेप्रमुखांनी माइक पुढे करून विचारलं, "मावशी, साठा कसा आहे आपल्या खाणीत?"

आणि मावशी, पाण्याने टच्च भरलेल्या सऱ्या डोळ्यांपुढे आणून, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "भरपूर आहे! काढला की शंभर दिवसांत पुन्हा भरतो. संपायचं नावच नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत कंपनीच्या माणसाने मात्र टाळी वाजवली नाही. तो लिहून घेत होता.

पुढच्या सोमवारी पत्र आलं. कधीही न संपणारा साठा हा नियमानुसार राष्ट्रीय महत्त्वाचा साठा ठरतो, आणि असा साठा एका व्यक्तीच्या मर्जीवर सोडता येत नाही. (मर्जीचा पुरावा म्हणून अर्जाचं सातवं पान जोडलं होतं.) सबब सदर खाण खुल्या लिलावाने सक्षम चालकाकडे सोपवण्यात येईल. सक्षम म्हणजे ज्याच्याकडे तीन मोठी खोदयंत्रं आहेत असा. मावशींकडे सहा खुरपी होती. लिलावात एकच बोली आली आणि ती कुणाची हे तुम्हाला सांगायला नको.

"आता हरकत घ्यायची सोय आहे का, की तेही तीस दिवस संपले?" सुनेने साहेबांना विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"सोय आहे की!" साहेब म्हणाले. "हस्तांतरणाआधी जाहीर सुनावणी असते. फक्त तुम्हाला बोलता येणार नाही. खाणमालकाचा धंद्याचा संबंध येतो ना, म्हणून तो पक्षपाती धरला जातो. हरकत फक्त अंतिम उपभोक्त्याने घ्यायची. खाणीतला माल शेवटी ज्याच्या घरात जातो त्याने."

"म्हणजे बटाटे खाणाऱ्यांनी?"

साहेबांनी नियमावली उघडली, दोनदा वाचली आणि तेही जरा चकित झाले. "हो. तेच. शहरातले लोक. आणि त्यातल्या एकाने जरी हरकत घेतली तरी हस्तांतरण रद्द. एकच पुरे."

मावशी खुर्चीवरून उठल्याच. "अहो, मग झालंच की! चाळीस वर्षं माझा बटाटा खाताहेत ती माणसं. मला ओळखत नसतील, पण बटाटा ओळखतात. शेकड्यांनी येतील त्यात एक तरी बोलेल. एक म्हणजे काय हो, कुणीही बोलेल!" जिना उतरताना त्या सुनेला म्हणाल्या, "उगाच जीव खाल्लास गं महिनाभर." त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना नीट झोप लागली.

सुनावणीला शहरातून चारशे माणसं आली. तशी चांगली, शिकलेली, स्वच्छ माणसं. दारात प्रत्येकाला चहा आणि कंपनीकडून एक हातभर लांबीचा काळाभोर घोटीव दगडाचा तुकडा मिळत होता, नमुना म्हणून. त्या शिवाराखालचा दगड स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी देशात पहिल्या प्रतीचा आहे, असं त्यावर चिकटवलेल्या कागदावर छापलं होतं. मावशी आणि सून शेवटच्या रांगेत बसल्या. त्यांच्या गळ्यात ‘बोलण्यास मनाई’ असे बिल्ले होते.

साहेब व्यासपीठावर उभे राहिले. त्यांनी सगळं वाचून दाखवलं, काही लपवलं नाही. माती किती फूट निघणार, दगड किती वर्षं निघणार, आणि त्यानंतर तिथे बटाटा केव्हा येणार या रकान्यापुढचं ‘लागू नाही’. मग त्यांनी विचारलं, "सदर हस्तांतरणास कुणाची हरकत आहे काय?"

सभागृहात एकही हात वर झाला नाही. माणसं मांडीवरच्या दगडावरून तळहात फिरवत होती. दगड गार होता, आणि बाहेर ऊन होतं.

"दुसऱ्यांदा विचारतो. कुणाची हरकत?"

एकीचा फोन वाजला. ती अवघडून बाहेर गेली. मावशींनी सुनेचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. "बोलतील," त्या पुटपुटल्या. "लाजताहेत. चारचौघांत पहिल्यांदा बोलायला माणूस लाजतं."

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं."

मधल्या रांगेत एक हात वर झाला.

मावशींच्या डोळ्यांतून टपकन पाणीच आलं. बिल्ला विसरून त्या उभ्या राहिल्या. साहेबांनी खूण केली, माइक त्या रांगेत गेला. ज्याने हात वर केला होता त्या व्यक्तीने घसा साफ केला, मांडीवरचा दगड उजेडाकडे धरला आणि विचारलं :

"यावर तेलाचे डाग पडतात का?"

"अजिबात नाही," कंपनीचा माणूस म्हणाला.

"हरकत नोंदवली, उत्तर दिले, निकाली काढली," साहेबांनी जाहीर केलं. चहाचा दुसरा राउंड निघाला.

सोमवारी सकाळी तीन खोदयंत्रं आली. त्या वेळी मावशींच्या सऱ्यांत बटाटा लिंबाएवढा झाला होता. यंत्राने वरची तीन फूट माती बटाट्यांसकट उचलली आणि बाजूला ‘निरुपयोगी थर’ अशा पाटीखाली तिचा ढीग घातला. मावशी बांधावर उभ्या राहून ढसाढसा रडल्या. दीर आले, वांगीवाला आला. सून तेवढी त्या ढिगात शिरली आणि ओटीभर बटाटे उकरून घेऊन आली. तर फाटकावरच्या रखवालदाराने तिच्याकडे परवाना मागितला.

आता ती मधल्या रांगेतली व्यक्ती कोण, ते इतिवृत्तात नाही. मावशी मागे बसल्या होत्या, त्यांना ती पाठमोरीच दिसली. पण तेव्हापासून त्या जो भेटेल त्याला हाच प्रसंग सांगतात, आणि मलाही सांगितला. शेवटी म्हणाल्या, "चेहरा नाही हो पाहिला. पण तुमच्या गोष्टी वाचणाऱ्यांसारखंच कुणीतरी होतं बघा. तसंच नीटनेटकं." मी म्हटलं, छे छे मावशी, भलतंच काय बोलता, आमचे वाचक असं ऐकलं की कसे पेटून उठतात. हे वाचतानासुद्धा ते चिडले असतील.

त्यांना ते पटलं नाही. तेव्हा एकदा उठून तुमच्या स्वयंपाकघरातला काळा ओटा जरा बघून सांगा, म्हणजे त्यांचंही समाधान होईल. पडतात का हो डाग?